भांगाचे पाणी

११ नोव्हेंबर १९३१, बुधवार. चौल.

भाऊबीज आटोपली. आजपासून रोजनिशी. मोठे शास्त्रज्ञ रोजनिशी ठेवतात असे ऐकतो. ही दुसऱ्या कोणी वाचायची नाही.

परिस्थिती थोडक्यात अशी. इंग्रजी पाचवीत मी दोन वर्षे काढली. दुसऱ्या वर्षी सगळे सुटले, फक्त भूगोल राहिला. शंभरात एकोणीस. पेपर तपासणाऱ्याचा चष्मा जुना आहे. तरी हेडमास्तरांनी सहावीत तात्पुरते बसवले. अट एकच. दिवाळीच्या सुटीत एक स्वतंत्र भौगोलिक निरीक्षण करायचे आणि सोमवारी, २३ तारखेला, अलिबागेस शाळा उघडताच रिपोर्ट गुप्ते मास्तरांच्या हातात द्यायचा. पसंत पडला तर सहावी कायम. नाही पडला तर पुन्हा पाचवी.

पुन्हा पाचवी मात्र नाहीच. अण्णांनी आज जेवताना सांगून टाकले की तिसऱ्यांदा त्याच वर्गाची फी ते भरणार नाहीत. शाळेतून नाव काढायचे आणि बोर्ली पंचतनला मामाच्या दुकानात ठेवायचे. गूळ जोखायला. मामा दुकानातून उठलेला मी आजवर पाहिलेला नाही. त्याला जेवणही तिथेच आणून देतात.

मला काळजी वाटत नाही. गुप्ते मास्तर मुंबईहून ट्रेनिंग घेऊन नवेच आले आहेत. त्यांची प्रोजेक्ट मेथड म्हणजे अशी की मुलाने घराबाहेर पडावे, डोळ्यांनी पाहावे, कानांनी ऐकावे, आणि पाहिले-ऐकले तेवढेच लिहावे. विषय ज्याचा त्याने निवडायचा. वर्गातल्या महादेवने स्वतःच्या वाडीतली विहीर निवडली. विहीर! मी समुद्र निवडला.

१२ नोव्हेंबर, गुरुवार.

जागा ठरली. वेताळजुवे. रेवदंड्याच्या खाडीच्या तोंडाशी एक खडकाळ बेट आहे. कोळ्यांची तीन घरे, एक गोड्या पाण्याची विहीर, एक वेतोबाचे देऊळ. ओहोटीला मधली खडकांची वाट उघडी पडते, पायी जाता येते. भरतीला चहूकडे पाणी. तिथे चोवीस तास राहायचे, पाणी किती वाजता किती चढते ते मोजायचे, नकाशा काढायचा, परत यायचे.

वेळ काढणे सोपे आहे. तिथीची पाऊणपट केली की तितक्या वाजता भरती पूर्ण. उद्या चतुर्थी. चाराची पाऊणपट तीन. तीनला भरती म्हणजे सकाळी नवाला ओहोटी. झाले. समुद्रात याहून जास्त शिकण्यासारखे काही असेलसे वाटत नाही.

चौथीपर्यंत मी पुण्यास आत्याकडे होतो. त्यामुळे समुद्राकडे मी बाहेरच्या माणसाच्या, म्हणजे शास्त्रीय, नजरेने पाहू शकतो. पोहायला येत नाही, पण पद्धत वाचली आहे.

निश्चय: कोणाला काहीही विचारायचे नाही. निरीक्षण 'स्वतंत्र' आहे.

सामान: फूट-इंच आखलेला बांबू, ड्रॉइंगचा कागद, पेन्सिली, रबर, घोंगडी, फराळाचा डबा, अण्णांचे खिशातले घड्याळ. घड्याळाबद्दल अण्णांना विचारले नाही. निश्चय वर लिहिलाच आहे.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार. वेताळजुवे. सकाळी ९.२०.

पोचलो. वाट कोरडी ठणठणीत. समुद्र अगदी गणिताप्रमाणे वागला. मनातल्या मनात त्याला शाबासकी दिली.

दुपारी ३.१०. देवळापासून समुद्रात सात पायऱ्या उतरतात. खालच्या पायऱ्यांशी खडकाच्या फटीत बांबू रोवला होता. पाणी दोन फूट दोन इंच. वहीत लिहिले. बेटाचा घेर पावलांनी मोजला, चारशे बारा.

मुक्काम देवळाच्या पडवीत. शेजारच्या घरात ठमाबाई म्हणून म्हातारी कोळीण राहते. उंची साडेचार फूट, आवाज बेटभर. तिचा मुलगा धर्माजी. बांबू कशाला, असे तिने विचारले. मी चंद्राचे आकर्षण पंधरा मिनिटे समजावून दिले. ती सगळे ऐकून म्हणाली की बाला, उद्या सकाळी पानी सरलं की निघून जा, परवापासून भांग लागंल.

भांग! बेटावर भांग चालते. कोण आणतो कोण जाणे. नोंद करून ठेवतो.

१४ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी ११.

पावणेदहाला ओहोटी झाली. वाट उघडली होती, पण मी नकाशाच्या मथळ्यातल्या अक्षरांना सावली देत होतो. 'वेताळजुवे' यातला 'ळ' अवघड आहे. ठमाबाई दोनदा हाक मारून गेली. पानी सरलाय, चल, मंग भांगात अडकशील, म्हणाली. मी सांगितले की ओहोटी चोवीस तासांत दोनदा होते, समुद्र काही कुठे पळून जात नाही.

मथळा उत्तम झाला. तेवढ्यात वाट बुडाली. हरकत नाही. उद्या जाईन. एक दिवस जास्त मिळाला तर निरीक्षण सखोल होते.

दुपारी ३.४५. भरती: एक फूट पाच इंच. कालच्यापेक्षा कमी. बांबू जरासा सरकला असावा.

१५ नोव्हेंबर, रविवार.

सकाळी साडेदहाला पिशवी खांद्याला लावून वाटेच्या तोंडाशी हजर. गणिताप्रमाणे ओहोटी बरोबर साडेदहाला. मी वेळेवर होतो. समुद्र नव्हता. पाणी उतरले, उतरले आणि मध्येच थांबले. वाट पाण्याखालीच. पाऊण तास उभा राहिलो. मग ते पुन्हा चढायला लागले.

बेटावरही सगळे बिघडलेले. काल पहाटे जाळी घेऊन गेलेले पुरुष आज घरी. दोन्ही होड्या किनाऱ्यावर उपड्या, फटी बुजवून तेल पाजायचे चालले आहे. बाकीचे जाळी शिवत बसलेत, मधेच आडवे होताहेत, गाणी म्हणताहेत. कामाचा दिवस असून! धर्माजीला म्हटले, होडी सरळ कर आणि मला सोड. तो हसला. भांगात कोन होरी घालतो दादा, म्हणाला. मग कधी घालणार, तर भांग गेल्यावर.

सगळे बेट व्यसनी आहे. माझी खात्री झाली.

मी अडकलेलो नाही. मुक्काम वाढवला आहे.

१६ नोव्हेंबर, सोमवार.

सव्वाअकराला पुन्हा पिशवी, पुन्हा वाटेचे तोंड. पाणी कालच्याहून जास्त राहिले. ठमाबाई म्हणाली की आता भांगाचा पानी हाय, सरायचा न्हाय.

भांगाचे पाणी! म्हणजे घोटून, पाण्यात कालवून. आणि हे मला, अनोळखी माणसाला, तोंडावर सांगायचे. लाज म्हणून नाही.

आणखी एक गोष्ट मला सहन होईना. ही माणसे भांग 'आला', भांग 'लागला' म्हणतात. केसांचा भांग पुल्लिंगी, प्यायची भांग स्त्रीलिंगी. धर्माजीला बसवून समजावले. भांग आली, भांगेचे पाणी, असे दहा वेळा म्हणून दाखव म्हटले. त्याने म्हणून दाखवले. अकराव्यांदा पुन्हा 'आला'. आमचा बापूस बी त्योच म्हनायचा, म्हणाला. व्यसन आणि अज्ञान हातात हात घालून चालतात, असे रिपोर्टात घालावे.

गंभीर बाब: भरतीचे पाणी आज बांबूला लागलेच नाही. बांबू कोरडा! रात्रीतून कोणीतरी उचलून वर रोवला. नशेत माणूस काहीही करतो. संशय धर्माजीवर.

चकल्या संपल्या. अनारसे चार.

१७ नोव्हेंबर, मंगळवार. अष्टमी.

सकाळी अण्णांना चिठ्ठी लिहिली. 'मुक्काम कामानिमित्त वाढवला आहे. प्रकृती उत्तम. काळजी नसावी.' चिठ्ठी ठमाबाईकडे दिली.

ती गेली कशी ते लिहिणे भाग आहे. दुपारी बाराला, ओहोटीला, मासळीची पाटी डोक्यावर घेऊन ती पाण्यातून चालत गेली. पाणी तिच्या छातीपर्यंत. माझी चिठ्ठी पाटीत, वर. जाताना म्हणाली की चल बाला, माझा हात धर, खडूक मला म्हाईत हाय. पाणी तिच्या छातीपर्यंत म्हणजे माझ्या पोटापर्यंतच आले असते. पण मी गेलो नाही. भांग घेतलेल्या बाईच्या हाती शास्त्रीय कागद देणे योग्य नव्हे. शिवाय वाटेत एक जागा आहे, तिथे खडकाला शेवाळ फार दिसते.

बांबूवर विश्वास उरला नाही. ठमाबाई रोज संध्याकाळी पायऱ्यांवर भांडी घासते आणि पाणी कोणत्या पायरीला आले ते तोंडपाठ सांगते. तू आलास त्या दिशी पानी पाच पायऱ्या वर हुता, मग चार, मग तीन, काल दोन, म्हणते. आज परत आल्यावर सांगितले, आज दीड. एक पायरी नऊ इंच. तात्पुरते पेन्सिलीने लिहून ठेवतो. उगमस्थान संशयास्पद.

१८ नोव्हेंबर, बुधवार.

अण्णांचे उत्तर ठमाबाईने काल येतानाच तोंडी आणले होते, सांगितले आज. अण्णा वाचून हसले आणि म्हणाले, ऱ्हाऊ दे तिथंच. ती तसेच म्हणाली. अण्णांचे शुद्ध शब्द कोणते होते ते कळायला मार्ग नाही, पण माझ्या कामाबद्दल त्यांना विश्वास वाटतो एवढे दिसले.

बेटाचा घेर पुन्हा मोजला. चारशे नऊ. बेट लहान होत आहे की काय.

दुपारी व्याख्यान दिले. देशात लोक दारूच्या दुकानांपुढे पिकेटिंग करताहेत आणि मी एका व्यसनी बेटावर गप्प बसून समुद्र मोजत राहू, हे मला पटेना. श्रोते अकरा, शेळ्या दोन. भांगेने बुद्धी कशी जाते, कामधंदा कसा बुडतो, लेकरे कशी उपाशी राहतात, सगळे सांगितले. कामधंदा बुडतो, याला सर्वांनी माना हलवल्या. व्हय व्हय, ते खरं हाय, म्हणाले. डोळ्यांत पाणी आणून शेवटी मी म्हटले, सोडा ही भांग! धर्माजी म्हणाला, आमी काय सोडनार दादा, त्योच सोडतो आमाला, दोन-चार दिसांनी.

केवढी हतबलता! व्यसनाने माणसाला सोडायचे, माणसाने व्यसनाला नव्हे. वहीत शब्दशः उतरवून घेतले.

१९ नोव्हेंबर, गुरुवार.

अनारसे संपून दोन दिवस झाले. काल ठमाबाईने तांदूळ दिले, ते मी स्वतः शिजवले, अर्धे करपले. आज मी म्हणालो, निरीक्षकाने लोकांचे अन्नही पाहिले पाहिजे. तांदळाची भाकरी आणि कालवण. कालवण वांग्याचे असावे असे मी धरून चालतो. वांग्यात काटा असतो हे नवे कळले. दोन वेळा मागून घेतले. हे कोणाला सांगायचे नाही.

दीड वाजता पिशवी घेऊन गेलो नाही. लांबूनच पाहिले. वाट नाही.

जेवताना सहज ऐकले आणि हात थांबला. भांग किती दिवसांनी येतो, असे मी विचारले होते (निश्चय मोडला, पण भूक लागली होती). ठमाबाई म्हणाली की महिन्यातून दोन डाव. पंचमी-सष्टीला लागतो, दशमी-एकादशीला सुटतो. सुद पक्षात बी आन वद पक्षात बी. कधी चुकलाय का? तर कधी चुकत न्हाय. तिच्या आजीच्या वेळेला बी तसाच.

हा शोध आहे! चंद्राची कला अर्धी होते तेव्हा बेटावरच्या माणसांना भांगेची तलफ येते, पूर्ण होते किंवा नाहीशी होते तेव्हा ती सुटते. चंद्राचा समुद्रावर परिणाम होतो हे पुस्तकात आहे. चंद्राचा व्यसनावर परिणाम होतो हे अजून कोणी लिहिलेले नाही. आता भरती-ओहोटी गौण. रिपोर्टाचे नाव बदलले: 'चंद्र, भांग आणि मनुष्य.'

महादेव आणि त्याची विहीर!

२० नोव्हेंबर, शुक्रवार. एकादशी.

उपास. तसाही होताच.

दिवसभर रिपोर्ट. भरतीचा तक्ता पाहिला आणि वाईट वाटले. ठमाबाईचे आकडे रोज उतरत गेलेले. पाच पायऱ्या, चार, तीन, दोन, दीड, मग पुन्हा दोन, अडीच. असे कुठे असते? पुस्तकात लिहिले आहे की भरती-ओहोटी नियमित होते. नियमित म्हणजे रोज तेवढीच. भांग घेतलेल्या डोळ्याला पायऱ्या कमी-जास्त दिसणारच. पुरावा म्हणून तेही माझ्या सिद्धांताला पोषक आहे, पण तक्ता घाण दिसतो.

रबर घेतले. सगळे खोडले. प्रत्येक दिवसापुढे दोन फूट दोन इंच लिहिले. तक्ता आता कसा छान सरळ दिसतो.

२१ नोव्हेंबर, शनिवार. द्वादशी.

सोमवार परवावर आला. तीनच्या ओहोटीला वाट दिसेल असे वाटले, खडकांची डोकी दिसली, मग पुन्हा नाही. तिथेच बसून राहिलो. पलीकडे रेवदंड्याच्या माडांत कोणाकडे तरी तुळशीच्या लग्नाचा ताशा वाजत होता. इतक्या जवळ की ताशाबरोबर बोलणेही ऐकू यावे. मला फार कोंडल्यासारखे झाले. मामाच्या दुकानाच्या पायरीवर बसल्यावर असेच वाटत असेल काय, असा विचार आला आणि गेला.

मग धर्माजी आला. भांग सुटला दादा, म्हणाला. उद्या उधान धरंल, पानी सरंल. मंडळी जाळी होडीत टाकताहेत. कोणी गात नाही, कोणी लोळत नाही. तीन दिवसांपूर्वीच्या एका व्याख्यानाचा एवढा परिणाम मीही अपेक्षिला नव्हता. रिपोर्टात एक कलम वाढवले: 'उपाय आणि यश.'

२२ नोव्हेंबर, रविवार.

दुपारी पावणेचार. वाट उघडली. म्हणजे जवळजवळ. गुडघाभर पाणी. कागद भिजू नयेत म्हणून मी धर्माजीच्या खांद्यावर बसलो. उंचावरून निरीक्षण चांगले होते. ठमाबाई पुढून चालत होती आणि खडक दाखवत होती. रेवदंड्याच्या काठावर उतरताना तिने माझ्या पिशवीत फडक्यात बांधलेले काहीतरी घातले. घरी पोचण्याआधी वास आला. सोडे, म्हणजे सुकी कोलंबी. आईला दिसण्याआधी वाडीत कुंपणापलीकडे टाकले. टाकताना उगाच वाईट वाटले.

रिपोर्ट एकवीस पाने. रात्री झोप चांगली लागणार.

२३ नोव्हेंबर, सोमवार. अलिबाग.

सकाळच्या सर्व्हिस मोटारीने आलो.

काय झाले ते लिहितो. पुढे मी मोठा झाल्यावर लोकांना कळावे की माझ्यावर अन्याय झाला होता.

गुप्ते मास्तरांनी तिसऱ्या तासाला रिपोर्ट घेतले. महादेवची विहीर दीड पान, त्यात एक चूक. माझा रिपोर्ट हातात घेऊन त्यांनी पाने मोजली आणि खूश झाले. मग वर्गाला ऐकवतो म्हणाले. निष्कर्षापासून सुरुवात केली. 'चंद्राच्या अर्धकलेच्या काळात वेताळजुव्यावरील आबालवृद्ध भांगेच्या आहारी जातात, होड्या उपड्या टाकतात, आणि भांगेचे पाणी...' इथे कोळीवाड्यातला सदू बाकावरून खाली पडला. मला वाटले फीट आली. त्याच्या शेजारचे दोघे हसत होते. मग सगळा वर्ग. का हसतात ते बऱ्याच जणांना ठाऊक नव्हते, पण हसले.

मास्तर हसले नाहीत. त्यांनी मला विचारले की भांग म्हणजे काय. मी सांगितले. ते म्हणाले, सदू, तू सांग. सदूने जमिनीवर बसूनच सांगितले. अमावास्या-पुनवेला पाणी खूप चढते आणि खूप उतरते ते उधाण. मधल्या दिवसांत थोडे चढते आणि थोडेच उतरते तो भांग. त्या दिवसांत पाण्याला ओढ नसते, जाळ्यात मासळी शिरत नाही, म्हणून कोळी घरी बसून जाळी शिवतात आणि होड्यांना तेल पाजतात.

म्हणून वाट उघडत नव्हती. म्हणून बांबू कोरडा.

मी म्हटले की तो शब्द मुळात स्त्रीलिंगी आहे. मास्तर म्हणाले, हा नाही.

एवढ्यावर थांबले असते तरी चालले असते. पण त्यांनी तक्ता पाहिला. सगळीकडे दोन फूट दोन इंच. त्यांनी कागद खिडकीशी नेला, उजेडात आडवा धरला, आणि खालचे खोडलेले आकडे एकेक मोठ्याने वाचत गेले. पाच पायऱ्या. चार. तीन. दोन. दीड. पुन्हा दोन. अडीच. भांग कसा लागतो आणि कसा सुटतो याचा इतका स्वच्छ तक्ता त्यांनी ट्रेनिंग कॉलेजातही पाहिला नव्हता, असे ते म्हणाले. हे आकडे कोणाचे, असे विचारले. मी ठमाबाईचे नाव सांगितले. आणि वर हे कोणी लिहिले? मी रबर खिशात आणखी खाली ढकलले.

ते म्हणाले की खोडलेले तसेच ठेवले असतेस तर बाकीची वीस पाने मी फाडून टाकली असती आणि तुला पास केले असते. गुण मात्र वरच्या आकड्यांनाच देता येतात.

मास्तर बिचारे मुंबईचे. नव्या सिद्धांताला पहिल्यांदा विरोध होतोच.

२४ नोव्हेंबर, मंगळवार.

अण्णांना बोलावणे गेले होते. दुपारी आले. हेडमास्तरांच्या खोलीत दहा मिनिटे. मी बाहेर व्हरांड्यात. बाहेर आल्यावर मी म्हटले की मला सगळे समजावून सांगता येईल. अण्णा म्हणाले, घड्याळ दे. दिले. त्यात वाळू गेली आहे, ते चालत नाही. त्यांनी ते कानाशी धरले आणि खिशात टाकले. चौलापर्यंत मोटारीत ते बाहेर बघत राहिले. रागावले असते तर मला उत्तर देता आले असते.

एक गोष्ट कुठेच सांगितली नाही, इथे लिहितो. ठमाबाई सांगायची ते मी रोज स्वतः पाहात होतो. मीही त्याच पायऱ्यांवर बसायचो. अष्टमीला पाणी दुसऱ्या पायरीपर्यंतही आले नव्हते, मी बघितले होते. माझे डोळे बरोबर होते आणि मी खोडले.

२५ नोव्हेंबर, बुधवार. चौल.

उद्या सकाळी बोर्ली पंचतन. मामाचे पत्र आले, जागा तयार आहे. आईने ट्रंक भरली. माझे दोन सदरे, धोतरे, पंचा, तांब्या.

निश्चय: मामाच्या दुकानात फावल्या वेळात अभ्यास करून बाहेरून मॅट्रिकला बसायचे. रोज पहाटे दोन तास. असे पुष्कळांनी केले आहे.

सहावीचे भूगोलाचे पुस्तक ट्रंकेत तळाशी ठेवले होते. अण्णा आले, झाकण उघडून पाहिले. मी म्हटले, हे पुस्तक असू दे ना. अण्णा हळू आवाजात म्हणाले, मोरू, मामीला सुपारी पाठवायची आहे रे, जागा लागेल.

पुस्तक काढून दिले. सुपारी बसली.